उचलून ठेवलेली वाटी

मालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. फोन त्यांच्या सुनेचा, शलाकाचा होता. "मावशी, आई गेल्या... आम्ही इंदूरहून निघतोय," एवढंच ती बोलली आणि तिच्या हातातून कोणीतरी फोन घेतला. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. ही बातमी येणार हे आम्हां सगळ्याजणींना ठाऊक होतं, तरीही ती आल्यावर मला भयंकर राग आला. कोणाचा, ते आज इतक्या आठवड्यांनीही कळलेलं नाही.

मी मूळची धारची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे देवासला राहायला आले, तेव्हा या गावात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. सकाळी टेकडीवर देवीला जायचं, दुपारी लोळायचं आणि संध्याकाळी सुनेच्या पायात घोटाळायचं, असे दिवस चालले होते. मालूताईंनी मला टेकडीच्या पायऱ्यांवरच गाठलं. मी बहिणीशी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून त्या थांबल्या. "धारवाली ना तू? चढताना पण बोलणं बंद नाही करत तुम्ही लोक!" ओळख ना पाळख, आणि एकदम अगंतुगं. मला आवडलं नाही, पण पाय त्यांच्या मागे निघाले. उतरताना म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी माझ्याकडे ये. चहा-सेव आहे, आणि थोडा झगडा पण."

मला वाटलं भिशी असेल. निघालं निराळंच. त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही काही बायका जमायचो. प्रत्येकीने वर्षभरात स्वतःवरचा एखादा खर्च टाळायचा, साडी असो की सहल, आणि ते सगळं एकत्र करून वर्षातून एकदा कोणातरी एकाच बाईला द्यायचं. चार जणींना थोडंथोडं वाटण्याला मालूताईंचा सक्त विरोध. "थोड्याने कोणाचं भलं होत नाही. फक्त आपल्याला बरं वाटतं," असं त्या तोंडावर म्हणायच्या. निवड कशी करायची यावर सुरुवातीला रणकंदन झालं होतं म्हणे. चिठ्ठ्या लिहायच्या तर कोणत्या भाषेत? सुनांना मराठी वाचायचा कंटाळा, आणि सासवा हिंदीत लिहायला तयार नाहीत. शेवटी मालूताईंनी स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या. जिच्यासाठी मागणी आली असेल तिच्या नावाची एक वाटी, आणि प्रत्येकीने एक सुपारी आपल्याला पटेल त्या वाटीत टाकायची. तेव्हापासून तेच चाललं. वाटीला आधी कुंकवाचं बोट लावायचं, हे कोणी सुरू केलं कोणास ठाऊक.

पण मालूताई मला खऱ्या कळल्या त्या टोंकखुर्दच्या बसमध्ये. एका वर्षी तिथल्या एका बाईची वाटी मागे पडली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, हिला म्हैस घ्यायची होती. मी म्हटलं, फोन करून सांगू. मालूताई भडकल्याच. "हो म्हणायला फोन चालतो. नाही म्हणायला जावं लागतं, भिया!" बाईमाणसालाही त्या सरळ भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. सोयाबीनच्या शेतांमधून आम्ही तिच्या दाराशी पोचलो. मालूताई ओट्यावर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि कसलीही प्रस्तावना न करता, यंदा जमलं नाही, असं सांगितलं. बाईने पदर सावरला. मग म्हणाली, "कंई वात नी बेन, चा पी ने जाजो." काही हरकत नाही म्हणून तिने दिलेला तो चहा मी कसाबसा संपवला. येताना मालूताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, आणि मी ते पाहू नये असं त्यांना वाटत होतं.

मागच्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. इंदूरच्या खेपा सुरू झाल्या. मुलगा दुकान सांभाळून धावत होता, शलाकाच्या हातातल्या बांगड्या हळूहळू कमी होत गेल्या. आम्हांला दिसत होतं. बैठक दुसरीकडे हलवली तर त्यांना वाईट वाटेल म्हणून ती त्यांच्याच खोलीत ठेवली, आणि तिथेच आमचं चुकलं. त्या वर्षी अमझेऱ्याच्या एका मुलीसाठी मागणी होती. वडील वारलेले, तिला नर्सिंगला जायचं होतं. आमच्यातल्या बेबीकाकूने तिची वाटी मांडली, आणि कोणालाही न विचारता शेजारी आणखी एक वाटी मांडून तिला कुंकू लावलं. कोणाची, ते बोलायची गरजच नव्हती. ज्या बाईची वाटी ती बाई समोर नसते हा आमचा साधा नियम. इथे ती पलंगावर उशीला टेकून आमच्याकडे बघत होती.

"उचल ती," मालूताई म्हणाल्या.

"अहो, पण ताई..."

"उचल म्हटलं ना! माझ्या घरात बसून मला तोलता?"

बेबीकाकूने वाटी उचलली आणि पदराने कुंकू पुसलं. उरलेल्या एकाच वाटीत सगळ्या सुपाऱ्या पडल्या. त्या दिवशी कोणी चहा घेतला नाही.

इंदूरच्या अस्पतालात मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा त्या फार थकल्या होत्या. अमझेऱ्याच्या मुलीला प्रवेश मिळाला, हे मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. मग म्हणाल्या, "ठेवू द्यायला हवी होती गं ती वाटी."

मला वाटलं पैशांचं बोलताहेत. म्हटलं, "ताई, अजूनही आम्ही..."

"पैसे नको गं. किती जणींनी टाकली असती, तेवढं कळलं असतं... बस."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

तेरावं झाल्यावर मी शलाकाला भेटायला गेले. पुढच्या खोलीतला पलंग काढून टाकला होता, तिथली फरशी बाकीपेक्षा उजळ दिसत होती. शलाका भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मावशी, एक बात विचारू? आई शेवटी दोन-तीनदा पुटपुटत होत्या, माझ्या वाटीत किती सुपाऱ्या पडल्या असत्या म्हणून. मी कहा, सगळ्या. पण मला तर काही माहीतच नाही. पडल्या असत्या ना सगळ्या?"

बेबीकाकूची पडली असती, हे नक्की. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. आणि माझी? एका बाजूला अठरा वर्षांची पोर, समोर सगळं आयुष्य पडलेलं, आणि दुसऱ्या बाजूला मालूताई, ज्यांच्या दुखण्याला आमची रक्कम कुठेच पुरली नसती... थोड्याने कोणाचं भलं होत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"सगळ्या," मी म्हटलं.

शलाकाने पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणाने रडली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून मला ती उजळ फरशी दिसत होती, आणि माझं ते 'सगळ्या' ऐकायला मालूताई तिथे नाहीत याचं, देवा क्षमा कर, मला क्षणभर बरं वाटलं.