आभाळ आलं की येणारा माणूस

त्या दिवशी आमचे पापड भिजले. गेल्या पाच-सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुपारी आभाळ भरून आलं तरी आम्ही बायका निवांत होतो, कारण गेटातून ती निळी मोटारसायकल आत आली नव्हती. ती आली की वाळवण उचलायचं, हा आमच्या कारखान्याचा रिवाज. मग एकाएकी टपोरे थेंब सुरू झाले. ओले पापड गोळा करता करता मी चिडून म्हणाले, "आज कुठं मेला हा माणूस?" मी तोंडाची फटकळ, असं दिवसातून चारदा कुणाला तरी म्हणते… संध्याकाळी फोन आला. मिलिंद वाघमारे त्याच सकाळी, देगलूरला आपल्या घरी, छातीत कळ येऊन वारले होते. तीन आठवडे झाले, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत माझा पापडाचा छोटा कारखाना आहे, मी आणि आठ बायका. कुंपणापलीकडे गवत वाढलेलं मैदान दिसतं, शेळ्या चरत असतात. पण त्याच्या पोटात शहराचा कित्येक वर्षांचा कचरा पुरलेला. तो कुजतो, त्याचा गॅस होतो आणि मातीतून वाट काढत कुठंही निघतो. तो आपल्यापर्यंत आला का, हे पाहणं वाघमाऱ्यांचं काम. एका प्रयोगशाळेतर्फे ते आले आणि माझ्या अंगणात नळी पुरायची म्हणाले. "कचरा तिकडं अन् खड्डा माझ्या अंगणात व्हय?" म्हणून मी त्यांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदाही ते तेवढ्याच शांतपणे आले. शेवटी मीच कंटाळले. पुरुषभर खोल नळी गेली, वर लोखंडी झाकण बसलं. मग ते झाकण उघडून, रबरी नळी जोडून, हातातल्या मीटरकडे बघत बसायचे. पण यायचे नेमके आभाळ आल्यावर. स्वच्छ ऊन सोडून हा माणूस भिजायला का येतो, म्हणून एकदा विचारलंच.

"ताई, जमीन बी श्वास घेते," ते म्हणाले. "हवा जड असली की गॅस खाली दबून राहतो. पावसाच्या आधी हवा हलकी होते, मंग जमीन श्वास सोडते. उन्हात मोजलं तर सगळं चांगलंच दिसतं. म्हणून असं येऊन राहिलो."

त्या रात्री अंथरुणावर पडले तरी तेच डोक्यात. ज्या जमिनीवर मी रोज झाडू मारते, ती श्वास घेते, आणि एक माणूस आभाळ बघून तिच्या उशाशी येऊन बसतो! मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

त्याच वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते आले आणि पॅकिंगच्या खोलीत डोकावले. तिथे देवीचा फोटो. रोज सकाळी शटर वर करून, आत जाऊन मी दिवा लावायची. उद्यापासून नऊ दिवस अखंड दिवा तेवणार होता. फरशीच्या भेगांकडे बघत ते म्हणाले, "ताई, देवीला बाहेर अंगणात बसवा. अन् उद्या मी येईस्तोवर शटर उघडू नका, बंद खोलीत रातभर किती गॅस साचतो ते मोजायचं हाय." माझा पारा चढला. बायकांच्या देखत मी म्हणाले, "तुमचा देवावर विश्वास नाही, म्हणून आमच्या देवीला बाहेर काढता काय?" ज्याच्या आजोबांना आमच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलं, त्या माणसाला मी हे बोलले. आजही लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "विश्वासाचं न्हाई ताई. काडी ओढायच्या आधी दार उघडं असावं, इतकंच म्हणून राहिलो."

सकाळी आभाळ गच्च होतं. मी मुद्दाम लवकर गेले, हातात काडीपेटी, ताटात वात आणि तेल. ते माझ्याही आधी येऊन शटरजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी रबरी नळी शटरच्या फटीतून आत सारली. मीटर किंचाळायला लागलं. शंभर भाग हवेत पाच भाग हा गॅस झाला की एक ठिणगी पुरे, आणि आकडा पाचाच्या पुढे जाऊन थांबला. मागून बायका हसत, गप्पा मारत येत होत्या. "बघा, सांगितलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. माझ्या हातातली काडीपेटी त्यांनी हळूच काढून घेतली आणि बायकांना गेटाबाहेर थांबवायला गेले.

पुढे भेगा बुजल्या, भिंतीत वर-खाली हवा खेळायला जाळ्या बसल्या, गॅस बाहेर सोडणारा उंच पाइप लागला. देवी अंगणात नळीशेजारी आली ती कायमची. ते मात्र प्रत्येक आभाळाला येत राहिले, आणि त्यांची गाडी दिसली की बायका ओरडायच्या, "आले वो आपले वेधशाळावाले, उचला पापड!" ते हसून एखादी चटई उचलू लागायचे.

देगलूरला त्यांच्या पुण्यानुमोदनाला गेले. बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या आधी त्यांच्या पत्नीने उठून दोन्ही खिडक्या उघडल्या. "ह्यांची सवय," त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही, पापड भिजल्यावर मी काय बोलले ते सांगून टाकलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका ताई. आभाळ आलं की जेवण टाकून जायचे. मी बी दर वेळी तेच म्हणायची."

परवा पुन्हा ढग आले. सगळ्या बायकांनी गेटाकडे बघितलं आणि माना खाली घातल्या. मग मीच म्हणाले, वाळवण उचला. संध्याकाळी दिवा लावायला अंगणात गेले. आभाळ उघडं, चारी बाजूंनी वारा, तिथे कसली भीती? तरी काडी ओढण्याआधी मी त्या लोखंडी झाकणापाशी उकिडवी बसले, ते बसायचे तशी, आणि जमीन श्वास सोडते का ते ऐकत राहिले.