कडू लवकीचे नूडल्स

माही पोरगी चार वर्साची झाली तवा तिले पाकिटातल्या नूडल्सचा लय नाद लागला, शिजवू बी देत नव्हती, कच्चेच कडाकडा चावे. पोट साफ होईना, बसली का रडे. धाड गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, पाकीट बंद करा, गाजर-काकडी द्या कच्ची. मी नववीपर्यंतच शिकली, मले वाटलं हे त सोपं हाय. पन गाजराचे गोल काप पाह्यले का ती तोंड फिरवे. मंग मोबाईलवर दिसलं का भाजीचेच लंबे दोरे कापाचे, लिंबू-मीठ लावाचं आन् त्यालेच नूडल्स म्हनाचं, चूल पेटवाचीच नाही.

मंग मी एकेक भाजी करून पाह्यली. काकडीले पानी सुटे, दोरे वाटीत पोहत. मुळा झोंबला तिले. पत्ताकोबी लंबी निघे, पन आत अळी राह्यली त काय, मले भेव वाटे, मीच फेकून देल्ली. गाजर बरं होतं, सालं काढाच्या पट्टीनं लंबे पापुद्रे काढले आन् मीठ लावून ठेवले का नरम पडत. पन ती म्हने, "नूडल्स लाल असते का?"

आता मले पांढरं पायजे होतं. घरामागं उकिरड्यावर लवकीचा वेल आपोआप उगवला होता, लवकी म्हन्जे दुधी. एक कोवळी तोडली. दोरे असे पांढरे, लंबे निघाले का मीच खुश झाली. जिरं टाकलं, लिंबू पिळलं, वाटी तिच्या पुढं ठेवली.

तिनं एक दोरा तोंडात घातला आन् थुकला. "कडू हाय."

मले वाटलं, झालं हिचं सुरू. गाजर लाल, मुळा तिखट, आता हे कडू. मी तिचे गाल दाबले आन् दोन घास कोंबले. गिळ म्हनलं. गिळले तिनं.

तेवढ्यात सासूबाई शेतातून आल्या. "काय चारून राह्यली वं?"

"लवकी हाय आत्याबाई, कच्ची. मोबाईलवर दाखवतात."

"कोन्ती? उकिरड्यावरची?" त्यायनं एक दोरा जिभेले लावला आन् तिथंच थुकल्या. "जहर हाय हे! आपोआप उगवल्या वेलाचा काय भरोसा? देठाकडचा तुकडा आधी चाखा लागते. तुह्या मोबाईलले जीभ हाय का?"

पोरगी ओकाले लागली. थांब्यावर जीप उभी होती म्हनून बरं, मी तशीच बसली, पायात चप्पल नव्हती, सासूबाई संगं. धाडले पोचेपर्यंत दोनदा ओकली.

डॉक्टरीनबाईनं पह्यलं हेच इचारलं, "किती गेलं पोटात?"

सासूबाई म्हनाल्या, "लगेच थुकली असन जी, कडू कोन खाते?"

मले दम लागला होता. पन मंग म्हनलं, "नाही बाई. दोन घास गेले. ती कडू म्हनत होती, मीच गाल दाबून कोंबले."

सासूबाईनं माह्याकडं पाह्यलं.

सलाईन लावलं, दिवसभर ठेवून घेतलं. ओकीत रक्त येते का ते पाहा, बाईनं सांगतलं होतं. मी दर खेपेले ओकीच्या भांड्यात डोकं घालून पाहे. नाही आलं. दुपारनंतर ती झोपली, उठली आन् भूक लागली म्हनाली, तवा कुठं मी भिंतीले टेकली.

आता लवकी कच्ची नाहीच. काकडीच्या बिया काढून दोरे करते, पानी झटकते, गाजर मिसळते. आधी देठाकडून चाखते, मंग शेंड्याकडून, मंग मधून बी. पोरीले बी कळलं हाय, खाचं नसलं का गोड गाजराले बी कडू म्हन्ते.

"येडं बनवते तुले ते पोरगी," सासूबाई म्हन्तात.

बनवत असन. पन तिनं कडू म्हनलं का मी वाटी उचलून घेते, गालाले हात लावत नाही.