पुस्तकाकडून कोण बोलणार?

रतनसिंग राठोडला पसंत पडेल असं पुस्तक अजून कुणी लिहिलं नव्हतं.

तो पाटबंधारे खात्यात कालवा चौकीदार होता. सिद्धेश्वरच्या पाण्याचा साडेचार किलोमीटरचा कालवा त्याच्या ताब्यात. सायकलवरून फेरी मारायची, कुणी रातोरात दार उचलून पाणी वळवलंय का ते बघायचं, आणि शेवटच्या दारापाशी लिंबाखाली बसून वाचायचं. पाण्याची पाळी चालू असली की दिवस शेतकऱ्यांची भांडणं सोडवण्यात जाई. पाळी बंद झाली की पुस्तकं. १९९१ सालापासून शिरड शहापूरच्या वाचनालयात खुनाचं, भुताचं, अंतराळाचं किंवा पुरलेल्या धनाचं म्हणून जे जे आलं, ते त्याने सोडलं नाही. घरगुती कादंबऱ्यांना मात्र तो शिवत नसे.

"घरातली कटकट वाचायला घर सोडून कालव्यावर काहून जावं?" असं तो म्हणे.

"मंग घरीच बसा," त्याची बायको बेबीबाई म्हणे. "फुकट ऐकायला भेटंल."

पुस्तकांची नावं त्याच्या ध्यानात राहत नसत, चुका राहत. त्यामुळे वाचनालय सांभाळणाऱ्या देविदासला एक वेगळीच यादी पाठ करावी लागली होती. 'उलट्या चंद्राचं' म्हणजे ज्यात अमावास्या होऊन तिसऱ्या दिवशी पहाटे चंद्रकोर उगवते ते. 'कोरड्या कालव्याचं' म्हणजे ज्यात भर मे महिन्यात, पाणी सुटलेलं नसताना, हडळ कालव्यात पाय बुडवून बसते ते. आणि 'उपाशी फौजेचं' म्हणजे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. तिच्यावर त्याचा विशेष राग.

"लाखाची फौज निघाली म्हणतो," तो देविदासला ऐकवी. "चारशे पानं नुसती चालून राहिली. ती खाऊन काय राहिली? बैलांच्या पाठीवर गोण्या लादून आमचे बंजारा आजे-पणजे मागून चालले होते, ते एका पानावर बी न्हाईत."

अंतराळाच्या कादंबऱ्या त्याला जरा बऱ्या वाटत, कारण तिथल्या चुका त्याला पकडता येत नसत. पण एकदा मंगळावर गेलेल्या यानातल्या पंचवीस माणसांची आडनावं त्याने बोटांवर मोजली. "एक राठोड न्हाई, एक पठाण न्हाई, एक वाघमारे न्हाई. जोशी मात्र दोघं. मंगळावरच्या जागा बी भरल्या म्हणा."

"वेटिंग लिस्टीत असतील," देविदास म्हणाला.

देविदासने वाचनालयात अभिप्रायाची वही ठेवली होती. तपासणीला आलेल्या एका साहेबाच्या दोन ओळी सोडल्या, तर ती सगळी रतनसिंगच्या अक्षरात होती. "लोक देवाच्या बी एवढ्या खोड्या काढत न्हाईत राठोडबुवा," देविदास म्हणे. "कदी चांगलं वाटलं ते बी लिहीत जा."

"चांगलं ते लिहिणाऱ्याला ठाऊकच असतंय. चूक त्याला कोण सांगणार?"

दिवसभर वाचलेलं संध्याकाळी तांड्याला सांगायचं, ही त्याची रीत. सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर माणसं जमत. पुस्तक मराठी, सांगणं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत. गोष्ट सांगता सांगता तो लेखकाची चूक पकडे, आणि गोष्टीपेक्षा लोकांना तीच जास्त आवडे. नियम एकच होता: आज वाचलं तेवढंच आज सांगायचं. उद्याचं त्यालाही माहीत नसे. खुनी कोण यावर तांडा आणि रतनसिंग बरोबरीनेच चुकत.

२००४ च्या जानेवारीत वाचनालयात एक नवी कादंबरी आली. धरणाच्या भिंतीवर इंजिनिअरचं प्रेत सापडतं, संशयित पाच. त्यांतला एक हरिया, तांड्यावरचा बैलांचा व्यापारी. तांड्याचं माणूस पुस्तकात आल्याचं रतनसिंगने वाचनाच्या तेरा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं होतं. ओट्यावर गर्दी वाढली. नायक भीमसिंग, म्हणजे तांड्याचे प्रमुख, एरवी मागे खांबाला टेकून बसत, ते सरकत सरकत पुढे आले. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे कालव्याच्या कडेने पळणाऱ्या दिपकने जाहीर केलं की डिटेक्टिव्हाच्या आधी खुनी आपण पकडणार. सगळ्यांचा संशय ठेकेदारावर होता. अकरा दिवस तांडा खुशीत होता.

बाराव्या दिवशी दुपारी लिंबाखाली रतनसिंगने शेवटची चौदा पानं वाचली. खुनी हरिया निघाला.

घरी येऊन तो बाजेवर नुसता बसून राहिला. बेबीबाईने कारण विचारलं, त्याने सांगितलं.

"मंग बदला की," ती म्हणाली. "ठेकेदारानं मारला म्हणून सांगा. लेखक काय ओट्यावर ऐकायला येऊन राहिला?"

"दुसऱ्याचं पुस्तक हाय. आपण चूक काढावी, खाडाखोड न्हाई."

"मंग भोगा."

त्याने जसं होतं तसं सांगितलं. ओट्यावर सगळे एकदम बोलले. दिपक तडक भीमसिंगकडे गेला: ही पुस्तकं तांड्यात येऊ देऊ नका. नायकाने रविवारी सकाळी नसाब बोलावली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. तिथे नायक जे म्हणेल ते रतनसिंगच्या बापाने मोडलं नव्हतं आणि रतनसिंगही मोडणार नव्हता. रविवारी दुपारपासून आपण पुस्तकाशिवायचा माणूस असू शकतो, हे त्याला कळत होतं. दोन दिवस त्याने भाकरीतही चूक काढली नाही. बेबीबाईला तीच मोठी काळजी वाटली.

नसाब भरली. पुरुष ओट्यावर, बायका समोरच्या ओसरीत. कादंबरी मधोमध सतरंजीवर ठेवली होती.

दिपक उभा राहिला. "मी भरतीला जाणार. साहेब इचारणार, कोण्या तांड्याचा? त्यानं हे पुस्तक वाचलेलं असलं तर? चोरी झाली का तांडा, खून झाला का तांडा. आजवर हे लोकाच्या तोंडून ऐकलं. आता रतनकाका सायकलवर घालून घरी आणून राहिले."

ओट्यावर माना हलल्या. रतनसिंगचीही हलली, कारण मुद्दा बरोबर होता.

"एक बाजू झाली," भीमसिंग म्हणाले. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय नसाबेत निकाल होत नाही. "पुस्तकाकडून कोण बोलणार?"

सगळ्यांनी रतनसिंगकडे पाहिलं. आयुष्यात तो एकाही पुस्तकाकडून बोलला नव्हता. तो उठला, खाकरला.

"पहिली गोष्ट. पान बेचाळीसवर हा धरणाचे सगळे दरवाजे एक माणूस एका दमात उचलतो म्हणतो. ते व्हत न्हाई. दुसरी. हरभरा आन् कापूस एकाच दिवशी पेरून राहिला. तिसरी, धरणावरचा शिपाई..."

"रतन," भीमसिंग म्हणाले, "तू कोणाकडून हायस?"

"पुस्तकाकडून, नायक."

"असं बोलणारा माझ्याकडून उभा राहिला तर मी फासावर जाईन."

ओसरीत बायका हसल्या. बेबीबाईने कपाळाला हात लावला. रतनसिंगने सतरंजीवरून पुस्तक उचललं आणि पानं चाळायला लागला. एखादी चांगली गोष्ट हुडकायची त्याच्या बोटांना सवय नव्हती. दोनदा त्याला नवीन चुकाच सापडल्या. त्या त्याने महत्प्रयासाने गिळल्या. मग तो एका पानावर थांबला.

"पान एकशे सहा," तो म्हणाला, आणि वाचून गोरमाटीत सांगायला लागला. हरियाला शोधत पोलीस झोपडीवर येतात. म्हातारी आई एकटी. फौजदार विचारतो, पोरगा कुठंय? ती उत्तर देत नाही. आधी जाऊन बैलाच्या आणि बुटांच्या मध्ये उभी राहते, वशिंडावर हात ठेवते आणि त्याच्याशी हळू बोलत राहते. बैल नवा आहे, बुजला तर दावं तोडेल. बैल शांत झाल्यावर ती फौजदाराकडे वळून म्हणते, हं, आता बोला.

ओसरीतून गोजरबाईचा आवाज आला. ती तांड्यातली सगळ्यात म्हातारी. "बराबर हाय. माझ्या सासूनं असंच केलं व्हतं."

रतनसिंगला धीर आला.

"ज्यानं हे लिवलं, त्यानं आपला उंबरा पाहिलाय. पाहून लिवलं तिथं खरं उतरलं. शेवटची चौदा पानं न पाहता लिवली. घाई झाली असंल. घाईत लोक सवयीचा चोर धरतात. दिपक म्हणतो ते खरं हाय, चूक मोठी हाय. पण पुस्तक बंद केलं तर म्हातारीचं पान बी जाईल आन् चूक तशीच राहील. तिकडं शहरात ती काढणार कोण?"

भीमसिंगांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "हरियावर पुरावा काय हाय?"

"भिंतीजवळ बैलाचा खूर उमटला."

"कोण्या बैलाचा?"

"लंगड्याचा. त्याच खुणेवर डिटेक्टिव्हानं धरला."

ओट्यावर खसखस पिकली. खून करायला निघालेला बैलांचा व्यापारी गोठ्यातला लंगडा बैल घेऊन जाईल का? तांड्यापासून धरण किती लांब? तीन कोस. निघाला कधी? दिवे लागल्यावर. खून किती वाजता? साडेआठला.

"व्हतच न्हाई!" दिपक उठून उभा राहिला. "मी रोज पळतो. सपाटीवर, बूट घालून, मला बी घाम फुटंल. लंगडा बैल घेऊन तीन कोस? फुकट अडकवलाय त्याला!"

आता दिपक हरियाची बाजू मांडत होता आणि त्याला कुणी ते सांगितलंही नाही. तासाभरात नसाबेने निकाल दिला: हरिया निर्दोष. खुनी ठेकेदार असावा, सिमेंटच्या भानगडीत. त्याची चौकशी नीट झालेली नाही. हा निकाल लेखकाला रतनसिंगने पत्राने कळवावा. पत्र नंतर गेलं, पाच पानी, त्यात सव्वाचार पानं इतर चुकांची. उत्तर आलं नाही.

"पुस्तकं येतील," भीमसिंग म्हणाले. रतनसिंगने श्वास सोडला. "पण रतन, तू न चाखता आमाला वाढलंस. तांड्याला तकलीफ झाली. याच्या पुढं आधी शेवट वाचायचा, मग ओट्यावर चढायचं. न्हाईतर पुस्तक तांड्यात न्हाई."

रतनसिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नायक, खून कोणी केला ते आधीच कळलं तर मी वाचू काय?"

"चुका वाच. तुला त्याच आवडतात."

हा निकाल बंदीपेक्षा कडक होता. रतनसिंग उभाच राहिला. शेवटी ओसरीतून बेबीबाई बोलली. "नायक, शेवट घरातल्या कोणी वाचला तर चालंल का? सून हाय, पुजा. दहावी झालेली हाय. सांगण्याजोगं असलं तर ती मला सांगंल, मी ह्यांना सांगंन. सासऱ्याशी ती बोलत न्हाई, तवा नाव फुटायचं भ्या न्हाई."

पुजा लग्न होऊन वर्षभरापूर्वी आली होती. सासऱ्यापुढे ती पदर ओढून वावरे. इतक्या दिवसांत दहा शब्दही त्याच्याशी थेट बोलली नव्हती. गुपित ठेवायला याहून पक्की जागा तांड्यात नव्हती. भीमसिंगांनी मान डोलावली.

तेव्हापासून वाचनालयातून आलेलं पुस्तक आधी चुलीपाशी जाई. बेबीबाई निरोप आणी: सांगा, किंवा नका सांगू. पहिल्या महिन्यात पुजा शेवटची दहा-पंधरा पानं वाची. मग तिने निरोप धाडला की नुसत्या शेवटावरून काही समजत नाही, आधीचंही वाचावं लागेल. पुस्तक रतनसिंगच्या हाती दोन दिवस उशिरा पडायला लागलं.

उशीर त्याने सोसला. त्याला सोसवेना ते एवढंच, की त्याला अजून महिनाभर न कळणारी गोष्ट घरात कुणाला तरी कळलेली आहे आणि ते कुणीतरी शांतपणे भाकरी थापत आहे. तो जेवताना बेबीबाईला मोठ्याने सांगे, "मला तर मुनीमच वाटून राहिला." चुलीकडून काही नाही. "न्हाईतर त्याची मेहुणी." पदराआडून काही नाही. एकदा भाजीत मीठ जास्त झालं, त्याचाही त्याने अर्थ लावून पाहिला.

पुढच्या वर्षी एका कादंबरीत त्याला खुनी अर्ध्यातच सापडला: डॉक्टर. पुरावे जुळत होते, वेळ जुळत होती. त्याने ओट्यावर भीमसिंगांसमोर पैज मारल्यासारखं सांगून टाकलं आणि सायकल हातात धरून ऐटीत घरी आला. ताट वाढलेलं होतं. बेबीबाई भाकरी घेऊन आली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "सून म्हणून राहिली, मामाला सांगा, चौथ्या भागातली छत्री पुन्हा वाचा."

रतनसिंगचा घास हातातच राहिला. चौथ्या भागात छत्री होती हेच त्याला आठवत नव्हतं. उजव्या हाताचं खरकटं तसंच ठेवून त्याने डाव्या हाताने बाजेखालचं पुस्तक ओढलं, चौथा भाग काढला, दोन पानं उलटली. दाराशी टेकवलेली एक छत्री होती खरी. त्याने ती ओळ तीनदा वाचली.

"तिला इचार," तो बेबीबाईला म्हणाला, "ती ओली व्हती का कोरडी?"

बेबीबाई चुलीपाशी जाऊन आली.

"ती म्हणती, आधी जेवा."