अलगदमामांचा उजवा पाय

रुग्णालयाच्या जुन्या गाडीवर सव्वीस वर्षं काढलेल्या ड्रायव्हरला सगळे अलगदमामा म्हणत. डायलिसिसचे पेशंट घरून आणायचे, चार तास थांबायचं आणि पुन्हा घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. गळून गेलेला माणूस मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेला असे, आणि गाडी थांबली हे त्याला दार उघडल्यावरच कळे. एका म्हाताऱ्या पेशंटबाईंनीच हे नाव ठेवलं. "मामा, तुम्ही गाडी थांबवत नाही, अलगद खाली ठेवता," असं त्या म्हणाल्या होत्या. मामांना दुसरी कसलीच घमेंड नव्हती. रूप बेताचं, शिक्षण सातवी. पण ब्रेकचा विषय निघाला की स्वारी फुलून यायची.

तर या पायाची वाट कशी लागली, ते सांगतो.

एकदा गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून जळका वास यायला लागला. गाडी सारखी डावीकडे ओढायची. मामांनी ती वर्कशॉपात दिली. रुग्णालयाच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिलाच हे भारदस्त नाव होतं. तिथला मेकॅनिक म्हणजे मामांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला तिथे चिकटवला होता मामांनीच, साहेबांच्या दाराशी तासन् तास उभं राहून. धाकट्याने गाडी दोन दिवस ठेवली आणि कागदावर लिहून दिलं : ब्रेकचा कॅलिपर खोलून साफ केला, पिनांना ग्रीस लावलं, रबरं बदलली. कॅलिपर म्हणजे चाकामागच्या चकतीला दोन बाजूंनी पॅडांनी दाबून धरणारा ब्रेकचा चिमटा. आठवडा झाला नाही तोच चाकातून धूर निघाला. आत तीन पेशंट होते. नातेवाइकांनी रुग्णालय डोक्यावर घेतलं. साहेबांनी मेकॅनिकला खडसावलं, आणि मेकॅनिकने दुसरा कागद लिहिला : चालकास ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय आहे.

झालं! सव्वीस वर्षांचा निकाल एका ओळीत लागला. मामांना मागच्या फाटकावर बसवलं, आडवी दांडी वर-खाली करायला.

"तू लिहिलंस हे?" मामांनी भावाला विचारलं.

"दादा, वय झालं की होतं असं. आपल्याला कळतही नाही, पाय आपोआप टेकतो. तुझ्या भल्यासाठीच लिहिलं मी. उद्या काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

मामांनी ते खरं मानलं. पाठचा भाऊ, त्यातून मेकॅनिक. तो कशाला खोटं बोलेल? आणि मग ते स्वतःच्या पायावर पाळत ठेवू लागले. फाटकाजवळच्या खुर्चीत बसून तासभर उजव्या बुटाकडे बघत राहायचे. घरी जेवताना टेबलाखाली पाय जमिनीला टेकला, तरी चटका बसल्यासारखा उचलायचे.

"माझा पाय जड झालाय का गं?" ते बायकोला विचारत.

"पायाचं सोडा, डोकं जड झालंय तुमचं," ती म्हणे. पण तिलाही आतून तुटायचं. एवढा रुबाबात चालणारा माणूस आता पाऊल टाकताना विचार करत होता.

सात महिन्यांनी एका दुपारी गाडी फाटकातून आत आली ती धूर काढतच. नवा ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "मामा, शप्पथ सांगतो, ब्रेकला पाय लावला नव्हता हो मी!"

मामा उठले. बाटलीतलं चमचाभर पाणी त्यांनी उजव्या चाकाच्या रिमवर शिंपडलं. पाणी गुपचूप ओघळलं. मग डाव्या चाकावर शिंपडलं, तर चर्र झालं आणि वाफ उठली. मामा तिथेच उकिडवे बसून राहिले. पाय एक, पेडल एक, आणि ते दोन्ही चाकांना सारखंच दाबतं. पाय टेकला असता तर दोन्ही चाकं तापली असती! इतकी साधी गोष्ट. शाळेतल्या पोरालाही कळावी. आपल्याला ती सात महिने सुचली नाही, कारण सांगणारा भाऊ होता. मामांना स्वतःचाच भयंकर राग आला.

ते तडक शेडमध्ये गेले. "खोल चाक."

"दादा, जेवायला निघालोय."

"माझ्यासमोर खोल."

गाडी जॅकवर चढली. उजवं चाक हाताने फिरवलं तर गरगर फिरलं. डावं जागचं हलेना. धाकट्याने ब्रेकच्या नळीतली हवा काढायचा स्क्रू सैल केला, थोडं ब्रेक ऑइल बाहेर आलं, तरी चाक घट्टच.

"म्हणजे नळीत काही अडकलेलं नाही," मामा म्हणाले. "कॅलिपरच धरून बसलाय."

चाक निघालं आणि मामा वाकले. कॅलिपरच्या बोल्टांवर गंजाचा थर होता, अगदी शाबूत. पाना लागला असता तर कडा कुठेतरी चमकल्या असत्या. आत तर बघवत नव्हतं. ज्या दोन पिनांवर कॅलिपर मागे-पुढे सरकायचा, त्या भोकात गंजून रुतल्या होत्या; त्यांची रबरं भाजून, फाटून गेलेली. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा जवळपास नवाकोरा.

"तू हे कधी खोललंच नव्हतंस."

धाकटा पाना पुसत राहिला. "तेव्हा साहेबांच्या घरच्या गाडीचं काम अंगावर होतं. पुढच्या आठवड्यात खोलणारच होतो. त्याआधी धूर निघाला. मग बाहेरूनच ठोकून चाक तेवढं मोकळं केलं."

"आणि तू खापर माझ्या पायावर फोडलंस."

"तुझं दीड वर्ष राहिलं होतं, दादा. माझी अजून अठरा आहेत. तुला फार तर फाटकावर बसवतील, हे ठाऊक होतं मला. मला तर घरीच बसवलं असतं."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की मामांना हात उचलता येईना. मारायला समोरच्याला निदान लाज तरी वाटायला हवी.

त्या दिवशी धाकट्याने काम मात्र चोख केलं. पिना ठोकून काढल्या, पॉलिश पेपरने घासल्या, उष्णतेला टिकणारं ग्रीस भरलं, रबरं आणि दोन्ही चाकांचे पॅड नवे घातले. मामा शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत डोक्यावर उभे होते. मग ते साहेबांकडे गेले. तो कागद खोटा होता असं लिहून द्या, एवढंच मागणं होतं.

"जुनं कशाला उकरता?" साहेब म्हणाले. "गाडी झाली ना दुरुस्त? मग बसा उद्यापासून गाडीवर."

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर नेमक्या त्याच म्हाताऱ्या बाई होत्या. "आलात का मामा? आता मेली झोप तरी लागेल," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. गाडी सुरेख पळत होती, रेषेत. मामा पाय मात्र पेडलपासून लांब, पार कोपऱ्यात ओढून बसले होते. कुणी म्हणायला नको, टेकला म्हणून. वळणावर एक हातगाडी आडवी आली. पाय वेळेवर पोचलाच नाही, आणि पोचला तो दाणकन. हातगाडी वाचली. बाई मात्र पुढच्या सीटवर आदळल्या, त्याही सुया टोचलेल्या हातावर.

"मामा," हात पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "तुम्हीच आहात ना हो?"

बाईंना घरी सोडून मामा परतले आणि ऑफिसात किल्ल्या ठेवल्या. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे मेकॅनिकने लिहिलं होतं ते खरंच होतं म्हणायचं!"

संध्याकाळी धाकटा स्कूटरवरून फाटकाशी आला. खुर्चीत भावाला बघून तो क्षणभर गडबडला.

"दादा, ब्रेक कसा लागतोय आता?"

"उत्तम," मामा म्हणाले, आणि त्याला जाऊ द्यायला दांडी वर केली.