बोडका, बाळ्या आणि काकूंची धाव

हॉकीकाकांनी आयुष्यात बर्फावर एकदाच पाऊल ठेवलं, तेही अमेरिकेत, पार्सिपनीतल्या स्वतःच्या ड्राइव्हवेवर. ते पाऊल थेट मेलबॉक्सपाशी जाऊन थांबलं. काका मागून आले. एवढ्या दांडग्या अनुभवावर या गृहस्थांनी तीस वर्षं आइस हॉकीतल्या यच्चयावत खेळाडूंचा निकाल लावला. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस! एप्रिलातसुद्धा कानटोपी घालून सोफ्यावर बसायचा आणि टीव्हीतल्या सहा फुटी गड्याला सुनावायचा, "गुडघे वाकव बे, गुडघे!"

काकांच्या जगात हॉकीपटू दोनच. एक 'बोडका': त्यांच्या तरुणपणीचा स्टार, हेल्मेट न घालता खेळणाऱ्या शेवटच्या वीरांपैकी. दुसरा 'बाळ्या': आजचा स्टार, ज्याचा मी भक्त. खरी नावं काका घेत नसत. एकाचं आदरामुळे, दुसऱ्याचं किळस येते म्हणून.

"तुझा बाळ्या डोक्याला हेल्मेट घालतो, डोळ्यांपुढे काच लावतो, दातांना कव्हर घालतो. खेळायला चाललाय की चंद्रावर? अरे, बोडक्याचे चार दात पडले, ते खिशात ठेवून त्याने गोल केला!"

"काका, हॉकीच्या ड्रेसला खिसा नसतो."

"त्या काळी असायचा."

"बाबा, दॅट्स नॉट ईव्हन अ स्टॅट!" त्यांची मुलगी सई सुट्टीला आली की वरच्या मजल्यावरून ओरडायची. काका तिकडे लक्ष देत नसत. अमेरिकेत जन्मलेल्यांना अमेरिकेचा खेळ काय कळणार!

दर शनिवारी मी त्यांच्याकडे जायचो, आणि वाद शिगेला पोचला की पुरावा निघे. काकांकडे एक व्हीसीआर होता, भारतातल्या लग्नाच्या कॅसेटी इथे चालाव्यात म्हणून घेतलेला. वजनाला जातं, आवाजालाही जातंच. त्यात बोडक्याच्या मॅचची कॅसेट सरकवायची, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि कॉमेंट्री काकांनी करायची. मान्य करतो, बोडका पळायचा बुवा! शेपटीला फटाक्यांची माळ बांधल्यासारखा. तो गोल करून परतला तरी गोलकीपर आपला मागच्या गोलचं दुःख करतोय.

मग न चुकता दुसरी कॅसेट लागे, काका-काकूंच्या लग्नाची. तीही मुकी. अंतरपाट दूर होतो आणि काकू हार घेऊन अक्षरशः धावत येतात. "बघ," काका छाती फुगवून म्हणायचे, "सगळा मांडव थांबलाय, ही एकटी पळतेय. का? तर मी समोर उभा!" काकू होत्या तोवर स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्या जागी काका अजून क्षणभर थांबायचे.

गेल्या वर्षी सईने काकांना बॉथेलला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. जातं विमानात कोण घेणार? म्हणून दोन्ही कॅसेटी मी आयसेलिनच्या एका दुकानात नेऊन पेनड्राइव्हवर घेतल्या. घरी लावून बघतो तर काय, बोडका जेवणानंतरची शतपावली करतोय! काकांचं मशीनच मुळी फास्ट पळत होतं. मी सोफ्यावर उभा राहून नाचलो. वीस वर्षांचा खटला जिंकला होता!

नाचता नाचता दुसरी फाईल सुरू झाली. काकू हळूहळू येत होत्या. अगदी हळू. मध्ये थांबल्या, खाली बघत राहिल्या. मागून कुणीतरी मावशीने ढकललं, तेव्हा दोन पावलं पुढे आल्या.

मी खाली बसलो. मग गाडी काढून परत दुकानात गेलो.

"दोन्ही फास्ट करून द्या."

"फास्ट?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "यार, लग्नाचं लोक स्लो मोशन मागतात!"

बॉथेलला पोचल्यावर आठवड्याने काकांचा व्हिडिओ कॉल आला. "बघितलं. सेम टू सेम," ते म्हणाले. मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोच पुढचं आलं. "मॅचमध्ये पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ कधी बघितलंस का बे? पंचेचाळीस सेकंदांत मिनिट संपतं. इंजिनिअर ना तू?"

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि काकूंचं?"

"ती तर पहिल्यांदा बघितलं तेव्हाच म्हणाली, मी धावले असते ना, तर उलट्या दिशेला धावले असते!" काका डोळे पुसेपर्यंत हसले. मग कानटोपी नीट करत म्हणाले, "घड्याळ दाखवलं असतं, तर तू दर शनिवारी भांडायला आला असतास का रे?"



पुढच्या शनिवारी मीच फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "काका, तुमचा बोडका आज असता, तर बाळ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरत असता!"

पलीकडे खुर्ची करकरली. काका सरसावून बसले होते.