आईला मिळालेलं वचन

आमच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला बायबलमधली वचनं वाटतात. तबकात छोटी कार्डं पालथी ठेवलेली असतात. डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक उचलायचं. ते तुमचं वर्षभराचं वचन. मला बहुतेक वेळा धीर धरण्याबद्दलचंच काहीतरी येतं, आणि मला ओळखणारे हसतात. यंदा आईला शुभवर्तमानातलं ते वचन आलं: दोन बहिणी आपल्या आजारी भावासाठी निरोप धाडतात, तेव्हा प्रभू म्हणतो की या आजाराचा शेवट मरण नाही.

त्याच महिन्यात आईच्या छातीत गाठ सापडली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, अजून वेळ गेलेली नाही. मी रिक्षातच रजेचा हिशेब मांडायला लागले.  कोथरूडला घरी चपला काढता काढता आई म्हणाली, "ऑपरेशन नको. मला वचन मिळालंय."

मी पुण्याची, गोड बोलून समजूत घालणं मला जमत नाही. "तबकातून उचललेलं कार्ड म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट आहे का?" असं मी विचारलं. आई "बरं" म्हणाली आणि तिने कुकर लावला. तिचं "बरं" म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला त्या क्षणापासून भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी जास्तच तिरकस बोलते.

मग मी चर्चच्या पाळकांना घरी आणलं. चहा घेत ते म्हणाले, "विश्वास ठेवा आणि उपचारही घ्या. डॉक्टरही देवाचीच माणसं."

आई म्हणाली, "पाळकसाहेब, वचनं आपणच वाटलीत. प्रार्थना करूनच वाटलीत ना?"

हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. तीत ऑपरेशनही होतं आणि चमत्कारही. मला त्यांचा संताप आला होता. पण दारापर्यंत सोडायला गेले, तर त्यांचे डोळे ओले होते.

रोज जेवणाआधी आमची कुटुंबप्रार्थना असते. आम्ही दोघीच, आणि वाचन माझ्याकडे. त्या संध्याकाळी मी मुद्दाम तोच अध्याय काढला आणि त्या वचनाच्या पुढे वाचत गेले.

"बघ, तो भाऊ मरतो. याच अध्यायात मरतो. प्रभू थांबून राहतो, उशिरा जातो, आणि मग त्याला कबरेतून उठवतो. त्या वचनाचा अर्थ तो मरणारच नाही असा नव्हताच, आई. त्या बहिणींनीही तुझ्यासारखाच अर्थ लावला असता तर?"

"लावलाच असणार," आई म्हणाली. "म्हणून तर दोघीही प्रभूला म्हणाल्या, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता."

मी बायबल मिटलं. जेवण दोघींनाही गेलं नाही.

त्यानंतर मी काय काय केलं. भांडले, अबोला धरला, हातापाया पडले. गाठ वाढत होती आणि आई शांतपणे भाजी निवडत होती. शेवटी दुखणं सोसवेना, तेव्हा एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "चल, जाऊ या." मला इतका आनंद झाला की मी तिची पिशवी भरताना गुणगुणत होते.

डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि खुर्ची जवळ ओढली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाले. त्रास कमी होईल अशी औषधं देऊ.

संध्याकाळी आईने तोच अध्याय वाचायला सांगितला. ऐकून म्हणाली, "तू म्हणत होतीस तेच खरं. तो मेलाच होता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होईना. इतके महिने घसा फोडून जे सांगितलं, ते तिला पटलं होतं, आणि आता मला ते नको होतं.

"असं काही नाही," मी म्हणाले. "वचन तुला मिळालंय. सरळ लिहिलंय, याचा शेवट मरण नाही."

"त्याचा अर्थ तसा नाही गं."

"तसाच आहे," मी म्हणाले, आणि ती ओळ तिला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायला लागले.