हिरासिंग काकानं वाट बंद केली तो दिवस

आमच्या बंजाऱ्यायच्या तांड्यात हिरासिंग काकाचं एकच म्हणणं, "माह्या मेहनतीचं ते माहं." वय पासष्टच्या वर, सहा एकर वावर, एक गाय, अन् सरकारवर जन्माचा राग. घरकुल मिळत होतं तं घेतलं नाई. म्हणे, "जो देते तो उद्या घेते बी." स्वतः विटा पाडल्या, स्वतः घर बांधलं. पंचायतीनं दारावर घर नंबरची पत्री ठोकली तं यानं ते उपसून गोठ्याले लावली, खरंच! पण माणूस इतका चांगला की काय सांगू. कोणाची गाडी फसो, कोणाची मोटर जळो, काका हजर. कोणी सांगितलं म्हणून नाई, त्याले वाटलं म्हणून. मी यवतमाळले बीए करते, अन् नैसर्गिक हक्क काय असते हे मले सरपेक्षा काकानंच जास्त शिकवलं.

तांड्यातून नाल्यावर जायची पायवाट काकाच्या वावरातून जाते. मी जन्मली तेव्हापासून सगळे तिथूनच जातात. काका कधी नाई म्हणाला नाई, उलट वाट सोडून नांगरते. यंदा पंचायतीनं ठराव घेतला की ते वाट गावरस्ता म्हणून नोंदवायची अन् मुरूम टाकायचा. काकाले विचारलं कोणीच नाई, फक्त नोटीस धाडली. तेबी तिजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी! काकाचं डोकं सटकलं. बाभळीच्या काट्या आणल्या अन् वाट बंद.

आता तीज म्हणजे आम्हा पोरीयचा सण. नऊ दिवस टोपलीत गहू उगवायचे, गाणे म्हणायचे, अन् शेवटच्या दिवशी ते नाल्यावर नेऊन सोडायचे. आम्ही वीस जणी टोपल्या डोक्यावर घेऊन गात गात आलो तं समोर काट्या! अन् काट्यायच्या मागं काका, हाताची घडी घालून.

संगं तानाबाई होती, काकाची मोठी बहीण. अन् तिची सून उर्वशी, ते आमची सरपंच.

"मामा, काढा ना काट्या. ठराव लोकायसाठीच हाय," उर्वशी म्हणे.

"ठराव घेतला म्हणूनच लावल्या. काल मी देत होतो. आज तू घेऊन राह्यली. याले लूट म्हणतात."

"लूट? मुरूम टाकून राह्यलो आम्ही!"

"माह्या वावरात, मले न विचारता?"

"अन् उद्या तुमच्या सुनीलनं वावर विकलं, घेणाऱ्यानं कुंपण घातलं, मंग लोकायनं जावं कुठून?"

काकाचं पोरगं सुनील पुण्याले राह्यते अन् वावर विकायची गोष्ट करते, हे सगळ्याईले माहीत. पण काका हट्टी ना! म्हणे, "माहं पोरगं मी पाहीन. पंचायतीनं पाहू नये."

मले तं दोघंही खरे वाटत होते, म्हणून जास्तच रडू आलं. मी ओरडली, "काका, मंग आम्ही काय चोर हाओ का?"

काकाचं तोंडच उतरलं. "नाई बेटा. जा तुम्ही सगळ्या. मी सरकवतो काट्या. माही परवानगी हाय."

"तुही परवानगी मांगतली कोणं?" तानाबाई पुढं आली. "हिऱ्या, तुहं घर कोणाचं?"

"माहं."

"काहून?"

"मी विटा पाडल्या."

"बरं. अन् हे वाट कोणं पाडली? तुनं फावडं मारलं इथं? नांगर घातला?"

"...नाई."

"माह्या पायानं पडली. आपल्या याडीच्या, आपल्या मायच्या पायानं पडली, डोक्यावर धुणं घेऊन घेऊन. मेहनत आमची, मंग परवानगी तू कायले देतं?"

उर्वशी खुश. "हेच तं मी म्हणून राह्यली!"

"तू चूप बस. तुह्या पंचायतीनं बी नाई पाडली."

सगळ्या पोरी खो खो हसल्या. काकाबी हसला, पहिले मिशीत, मंग पोट धरून. "बाई, तू वकील पाह्यजे होती." अन् स्वतःच्या हातानं काट्या ओढल्या, बोटाले रक्त आलं तरी कोणाले हात लावू दिला नाई. आम्ही गात गात नाल्यावर गेलो. काका टोपल्या मोजल्यासारखा उभा, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत.

आठ दिवसानं तो पंचायतीत गेला. म्हणे, लिहा, वाट चालणाऱ्यायची हाय, पंचायतीनं फक्त सांभाळायची. ग्रामसेवक म्हणे असा रकाना नाई. काका म्हणे, "मंग पट्टी घे अन् आख." उर्वशीनं ठरावात तसं लिहून घेतलं तेव्हाच त्यानं सही केली. सुनीलले फोन लावून सांगितलं, वावर विकशील तं वाट सोडून वीक.

काल मुरमाचा ट्रॅक्टर आला. काकानं वावराच्या बांधावरच, धुऱ्यावर थांबवला, मुरूम तिथंच खाली करायले लावला अन् घमेलं घेऊन एकटाच पसरवत बसला.

मी चिडवलं, "काका, पंचायतीचा मुरूम चालते का आता?"

"मुरूम जमिनीचा हाय. पसरवायची मेहनत माही," तो म्हणे, अन् भरलेलं घमेलं माह्या डोक्यावर ठेवलं. "चाल, तुहीबी थोडी."